भाऊजींचा वर गेलेला हात

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा विद्यापीठात माती शिकवतो. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि दरवेळी समोरचा माणूस पुन्हा एकदा 'काय?' म्हणून विचारतो. मग मी घाईघाईने 'मृदाशास्त्र' म्हणते. त्याने समोरच्याचा चेहरा जरा सावरतो, पण डोळ्यांतला प्रश्न काही जात नाही.

भाऊजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सगळे दिवाणखान्यात त्यांची वाट बघत होते आणि ते मात्र गॅलरीत आईच्या कुंडीपुढे उकिडवे बसले होते. मातीत बोट खुपसायचं, चिमटीत चोळायचं, नाकाशी न्यायचं, असं सगळं यथासांग आटोपून ते म्हणाले, "हिला पाणी जास्त होतंय." आमची आई सहसा कुणाचं ऐकून घेत नसे. पण तिने पाणी कमी केलं, झाड तरारलं आणि ताईचं लग्न ठरलं. बाबांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" आई म्हणाली, "काय करतो ते मला नीटसं कळलं नाही, पण करतो ते मनापासून करतो." भाऊजींचं याहून नेमकं वर्णन मला आजही जमणार नाही.

मी त्याच विद्यापीठात ग्रंथपाल आहे. त्यामुळे भाऊजी मला घरीही आहेत आणि कामावरही आहेत. त्यांचा विभाग जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बोळात. दोन खोल्या. एका खोलीत काचेच्या बरण्यांतून मातीच माती: काळी, तांबडी, पिवळट, राखाडी, आणि एक अशी, जिच्याबद्दल भाऊजी आदराने आवाज खाली आणून बोलतात. दुसऱ्या खोलीत ते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, आता तिथेच शिकवणाऱ्या धाकट्या बाई. धाकट्या बाईंची नेमणूक वर्षावर्षाने वाढवलेली, म्हणजे पाय अजून उंबऱ्यातच. विभागात शिकायला येणारी मुलं मोजकी. पण येतात ती टिकतात, आणि बाहेर पडल्यावर रस्त्याने खाली बघत चालतात.

आता त्या परिषदेबद्दल सांगायला हवं, कारण भाऊजींची सगळी कीर्ती आणि अपकीर्ती तिथली आहे.

विद्यापीठ कोण चालवतं? बाहेरच्यांना वाटतं, कुलगुरू. कुलगुरूंना वाटतं, सचिव. सचिवांना वाटतं, आपल्यावाचून पान हलत नाही, आणि त्यात बरंच तथ्य आहे. पण शिकण्याशिकवण्याचं जे जे काही असतं, म्हणजे कोणता विषय ठेवायचा, कोणता काढायचा, परीक्षा कशी घ्यायची, किती गुणांना पास म्हणायचं, ते सगळं विद्या परिषद ठरवते. त्यात सगळ्या विभागांचे प्रमुख असतात, निवडून आलेले काही शिक्षक असतात, आणि माझ्यासारखे काही पदसिद्ध सदस्य. मला तिथे बसायचा हक्क आहे आणि बोलायचा हक्क आहे. मत द्यायचा नाही, ठराव मांडायचा नाही, अनुमोदन द्यायचं नाही. भाडेकरूसारखंच आहे ते. राहा, तक्रारी करा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

सभागृहात एक लांबलचक टेबल आहे. कुलगुरूंच्या खुर्चीला हात आहेत, बाकीच्यांच्या खुर्च्यांना आवाज आहेत. कुणी अस्वस्थ झालं की खुर्ची करकरते, त्यामुळे कुणाच्या मनात काय चाललंय ते तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना कळतं. ध्वनिक्षेपक आहे, तो फक्त शिट्टी वाजवतो. वादाचा विषय सचिव नेहमी जेवणाच्या सुट्टीआधी ठेवतात. विद्वानांना भूक लागली की मतभेद मिटतात, हे त्यांनी फार पूर्वी हेरलंय.

इथे ठराव मंजूर व्हायला बहुमत लागतं. पण नुसता चर्चेला यायलासुद्धा दोन माणसं लागतात, एक मांडणारा सूचक आणि एक अनुमोदक. सचिव ठराव वाचतात आणि विचारतात, "अनुमोदक?" एकदा विचारतात, दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात. तिन्ही वेळा कुणी हात वर केला नाही, तर तो ठराव पडला असंसुद्धा म्हणत नाहीत. तो मांडलाच गेला नाही असं धरतात. इतिवृत्तात त्याची ओळसुद्धा येत नाही.

भाऊजी परिषदेवर नवेनवे निवडून आले तेव्हाची गोष्ट. गणिताच्या बाई तेव्हा तरुण होत्या, सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी हातातल्या कागदावरून वाचून एक ठराव मांडला: नापास झालेल्या विद्यार्थ्याला त्याची उत्तरपत्रिका बघू द्यावी. एवढंच. सचिवांनी तीनदा विचारलं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाईंनी कागदाची घडी घातली, त्या घडीची घडी घातली, आणि ती एवढीशी झाल्यावर पर्समध्ये टाकली. त्यानंतर त्या सभेत एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी तोच ठराव दुसऱ्या कुणीतरी आणला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. बाईंचं नाव कुणी काढलं नाही, कारण नाव काढायला ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

भाऊजी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. आपल्याला हात वर करता आला असता, हे त्यांना सभा संपल्यावर कळलं होतं. त्यांना वाटलं होतं, अनुमोदन म्हणजे ज्येष्ठांचं काम. ताईला म्हणाले, "अगं, अनुमोदन म्हणजे होकार थोडाच आहे? बोलू द्या त्यांना, एवढंच म्हणायचं असतं."

तेव्हापासून भाऊजी प्रत्येक ठरावाला अनुमोदन देऊ लागले. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. परीक्षा आधी घ्याव्यात, अनुमोदन. परीक्षा नंतर घ्याव्यात, त्यालाही अनुमोदन, त्याच सभेत. मग मतदानात एकाला हो आणि एकाला नाही, आणि कधीकधी दोन्हींना नाही. काही दिवस लोकांनी चेष्टा केली. मग सवय झाली. मग तर सचिव 'अनुमोदक' एवढं विचारून उत्तराची वाट न बघताच भाऊजींचं नाव लिहायला लागले. नियमाप्रमाणे सूचकानंतर पहिल्यांदा बोलायचा हक्क अनुमोदकाचा असतो. कुलगुरूही कोरड्या आवाजात विचारत, "अनुमोदकांना काही बोलायचंय?" आणि भाऊजी दरवेळी मान हलवून नाही म्हणत.

घरी तर विचारूच नका. भाची लहानपणी जेवताना म्हणायची, "माझा ठराव आहे की आज अभ्यास नको." भाऊजी लगेच, "अनुमोदन." ताई म्हणायची, "मतदान?" तर भाऊजींचा हात ताईच्या बाजूने. भाची रडकुंडीला येऊन विचारायची, "मग अनुमोदन कशाला दिलंत, बाबा?" ते म्हणायचे, "तुझं म्हणणं ऐकून घेतलं ना सगळ्यांनी?" पोरीने पुढे वकिली घेतली, त्यात नवल नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडे नवे अधिष्ठाता आले. मूळचे संख्याशास्त्राचे. त्यांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागायचा, म्हणून मागून सगळे त्यांना तक्तेसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. नाकाने कांदे सोलायचा, पण सोलायचा मात्र प्रामाणिकपणे. त्यांनी सगळ्या विभागांतल्या मुलांची मोजदाद केली आणि येत्या सभेसाठी ठराव दिला: मृदाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला यापुढे प्रवेश देऊ नये.

पहिल्या वर्षाला प्रवेश नाही, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याला कुणी नाही, त्याच्या पुढे तिसऱ्याला नाही. नळ बंद केला की हौद आपोआप आटतो. भाऊजींना दुसऱ्या कुठल्यातरी विभागात कोपऱ्यात एक टेबल मिळालं असतं. धाकट्या बाईंना तेही नाही. त्यांना घरचा रस्ता. आणि त्या बरण्या कुठे गेल्या असत्या, ते मला विचारवत नव्हतं.

विषयपत्रिका हातात पडली आणि एकेक जण ग्रंथालयात यायला लागला. पुस्तक चाळल्यासारखं करायचं आणि हळूच म्हणायचं, "तुमच्या भाऊजींना सांगा, वाईट वाटतंय." मी विचारायची, "मग सभेत विरोध करणार?" त्यावर पुस्तकाची पानं जोरात उलटायला लागायची. तक्तेसाहेबांच्या विरोधात उभं राहायची कुणाची छाती नव्हती. विभागांना मिळणाऱ्या जागा त्यांच्या हातात होत्या.

विरोध मिळत नसेल तर निदान मौन तरी मिळवावं, असं मी ठरवलं. मी प्रत्येकाला म्हटलं, "तुम्ही काही बोलू नका. फक्त अनुमोदन देऊ नका." हे सगळ्यांना फार आवडलं. काही न करता पुण्य पदरात पडणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? अळीमिळी गुपचिळी. सूचक एकटा पडणार, सचिव तीनदा विचारणार, ठराव मांडलाच गेला नाही असं होणार. सुंठीवाचून खोकला जाणार.

राहता राहिले वाणिज्याचे सर. ते तक्तेसाहेबांची सावलीच. ते हात वर करणार हे उघड होतं. त्यांना एक जाडजूड दुर्मीळ पुस्तक हवं होतं, ज्यासाठी त्यांनी मला वर्षभर भंडावून सोडलं होतं. ते पुस्तक आदल्या आठवड्यातच आलं होतं. सभेच्या दिवशी नेमक्या त्या विषयाच्या वेळी निरोप गेला की पुस्तक आलंय, आताच सही करून न्यावं, नाहीतर दुसऱ्याचा नंबर आहे. याची मला आजही अजिबात खंत नाही.

भाऊजींना मी आणि ताईने समोर बसवून सांगितलं.

"तुम्ही फक्त गप्प बसायचं," मी म्हटलं.

"बरं."

"हात टेबलावर ठेवायचे," ताई म्हणाली. "उचलायचे नाहीत."

"अगं, माझाच विभाग बंद करायच्या ठरावाला मी हात वर करीन का? एवढा काय मी..." ते म्हणाले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि आम्हीही केलं नाही.

सभेच्या दिवशी भाऊजींनी नवा सदरा घातला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. समोर गणिताच्या बाई, आता केस पांढरे झालेल्या, नेहमीसारख्या शांत. जेवणाची वेळ जवळ आली तसे तक्तेसाहेब उठले. पडद्यावर तक्ता आला. वेगवेगळ्या उंचीचे रंगीत खांब, आणि एका टोकाला लाल रंगाचा एवढासा बुटका खांब. मृदाशास्त्र. त्याच्या शेजारी एक बऱ्यापैकी उंच खांब होता, त्याखाली लिहिलं होतं, 'इतर'.

तक्तेसाहेब खाली बसले. तेवढ्यात निरोप आला. वाणिज्याचे सर आधी घुटमळले, मग घड्याळाकडे बघून लगबगीने बाहेर पडले. मला हसू आवरणं कठीण झालं.

"अनुमोदक?" सचिवांनी विचारलं.

खुर्च्या करकरल्या. सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. तक्तेसाहेबांनी वाणिज्याच्या सरांची रिकामी खुर्ची बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"अनुमोदक?"

कुणीतरी खोकलं. मी मनात म्हटलं, आता एकच. एकदाच विचारू दे आणि मग आम्ही सुटलो.

"अनुमोदक?"

आणि माझ्या शेजारून एक हात वर गेला.

नव्या सदऱ्याची कडक बाही, त्यातून निघालेला तो हात, नखांत थोडीशी काळी माती. मी तो हात ओळखते. तरी माझा विश्वास बसेना. मी टेबलाखालून भाऊजींच्या पायावर सणसणीत लाथ मारली, पण वेळ गेली होती. सचिवांनी सवयीने नाव लिहिलंसुद्धा. धाकट्या बाई बाहेरच्या बाकावर निकालाची वाट बघत बसल्या होत्या, त्यांना आता काय सांगायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी आयुष्यात इतकं तंतोतंत कधी पाहिलं नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि इथे तर दांडाच झाड होता.

तक्तेसाहेबसुद्धा गोंधळले. कुलगुरूंनी घसा साफ केला आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "अनुमोदकांना काही बोलायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता ते पुढचा कागद उचलायला लागले.

"हो," भाऊजी म्हणाले.

कुलगुरूंनी कागद खाली ठेवला.

भाऊजी उभे राहिले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. पडद्यावरचे खांब त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतले. मला वाटलं, झालं, आता हे मटकन खाली बसणार.

"सूचकांनी मोजमाप दिलंय," ते म्हणाले. "मुलं कमी, तर विषय बंद. मी अनुमोदन दिलंय, म्हणून मला वाटतं, ठराव जरा नीट करून घ्यावा. एकट्या मातीलाच हा मान का? माझी एक दुरुस्ती आहे. ज्या ज्या विभागात मुलं आमच्याइतकी किंवा आमच्याहून कमी आहेत, त्या सगळ्यांचे प्रवेश बंद करावेत."

एक खुर्ची करकरली.

"तो 'इतर' नावाचा खांब आहे ना," भाऊजी म्हणाले, "या विद्यापीठात इतर नावाचा विभाग माझ्या पाहण्यात नाही. त्यात एकत्र बांधलेले छोटे छोटे विभाग कोणते, ते मी विचारत नाही. ज्याचं त्याला ठाऊक असेल."

आता सगळ्याच खुर्च्या करकरल्या. तत्त्वज्ञानाचे सर सरळ बसले. खगोलशास्त्राच्या बाईंनी चष्मा काढला. दोन भाषांचे प्रमुख एकमेकांकडे बघायला लागले, जे ते एरवी कधी करत नाहीत.

सचिव म्हणाले, "दुरुस्तीला वेगळा अनुमोदक लागतो. अनुमोदक?" आणि सवयीने त्यांनी भाऊजींकडे बघितलं. सगळ्यांनीच भाऊजींकडे बघितलं. भाऊजींचा हात अर्धा वर गेलासुद्धा.

"तुम्हाला तुमच्याच दुरुस्तीला देता येत नाही," सचिव म्हणाले. "अनुमोदक?"

आणि पुन्हा सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांच्या ठरावांना हात दिला, त्यांच्या एका ठरावाला हात मिळेना. मला हात वर करायचा हक्क असता तर मी दोन्ही केले असते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सचिवांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"अनुमोदन," समोरून आवाज आला.

गणिताच्या बाई. किती वर्षांनी त्या सभागृहाने तो आवाज ऐकला, कोण जाणे.

कुलगुरू चकित होऊन म्हणाले, "बाई, तुमचाही विभाग त्यात येईल."

"हो, येतो," बाई म्हणाल्या. "मत मी विरुद्धच देणार आहे. पण बोलू द्या की त्यांना."

भाऊजी खाली बसले. बसताना त्यांनी बाईंकडे बघून मान लववली, आणि बाईंनी पर्स जरा जवळ ओढून घेतली.

मग जी चर्चा झाली तिला तोड नाही. तत्त्वज्ञानाचे सर उठले आणि म्हणाले की विद्यार्थ्यांची संख्या म्हणजे विषयाची किंमत नव्हे. एक भाषा म्हणाली की काही विषय थोड्यांसाठीच असतात, पण ते थोडे पुढे पुष्कळांच्या उपयोगी पडतात. दुसरी भाषा पहिलीला दुजोरा देत होती. मृदाशास्त्राच्या बाजूने जे जे बोलायला हवं होतं आणि आठवडाभर जे कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, ते सगळं आता प्रत्येक जण स्वतःसाठी तळमळून बोलत होता. सगळ्यात शेवटी तक्तेसाहेब उठले. कारण संख्याशास्त्रही 'इतर'मध्येच होतं. ते म्हणाले, "एका वर्षाच्या आकड्यांवरून असा निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही."

"आपण नेमक्या कोणत्या ठरावाविरुद्ध बोलताय?" कुलगुरूंनी विचारलं.

"दुरुस्तीच्या," तक्तेसाहेब म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांचे कान लाल झाले.

दुरुस्ती दणकून पडली. तिच्याविरुद्ध भाऊजींनीही हात वर केला. तक्तेसाहेब आता मूळ ठराव कुठल्या तोंडाने रेटणार? ते चाचरत म्हणाले, "मी माझा ठराव मागे घेतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. पण सचिव म्हणाले, "अनुमोदन झालेला ठराव मागे घ्यायला अनुमोदकाची संमती लागते." आणि ते भाऊजींकडे वळले. "संमती आहे?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

मी पुन्हा पाय उगारला. त्यांनी या वेळी पाय आधीच काढून घेतला होता.

"मागे घेतलेला ठराव पुढच्या सभेत पुन्हा आणता येतो," भाऊजी म्हणाले. "मतदानात पडलेला, ही परिषद असेपर्यंत येत नाही. मतदान होऊ द्या."

सचिवांनी मान डोलावली. कुलगुरूंनी मतं मागितली. नेमक्या त्याच वेळी दार उघडलं आणि पोटाशी जाडजूड पुस्तक धरलेले वाणिज्याचे सर धापा टाकत आत आले. आपल्याला उशीर झालाय एवढंच त्यांना कळलं. "माझं अनुमोदन," ते दारातूनच म्हणाले.

"ते केव्हाच झालं. आता मत," सचिव म्हणाले.

वाणिज्याच्या सरांनी ठरावाच्या बाजूने जोरात हात वर केला. मग इकडेतिकडे बघितलं. त्या सभागृहात ठरावाच्या बाजूने तेवढा एकच हात वर होता. तक्तेसाहेब टेबलावरचा पाण्याचा पेला लक्ष देऊन बघत होते.

त्या संध्याकाळी ताईकडे आम्ही सगळे जेवायला बसलो. धाकट्या बाईही होत्या. त्यांना ताईने दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं, आणि त्या नाही म्हणत नव्हत्या. पोटात आनंद असला की भूक लागते.

"खरं सांगा," मी भाऊजींना म्हटलं. "मुद्दाम केलंत की नाही?"

भाऊजींनी घास खाली ठेवला. "काय मुद्दाम? हात आपोआप गेला. तिसऱ्यांदा 'अनुमोदक' ऐकलं आणि मला कागदाची घडी घालणाऱ्या त्या बाईच दिसल्या. भानावर आलो तेव्हा हात वर. मग मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, बाबा रे, तू गेलायस खरा, आता मला काहीतरी बोलावं लागेल."

"म्हणजे माझा सगळा बेत तुम्ही सवयीपायी मातीत घातलात."

"तुझा बेत चांगला होता गं," ते म्हणाले. "पण मांडलाच गेला नाही म्हणजे पुढच्या सभेत पुन्हा आलाच असता. दरवेळी तू किती पुस्तकं मागवणार?"

मी पाणी प्यायले.

ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "माझा एक ठराव आहे. यापुढे यांनी परिषदेत दोन्ही हात खिशात घालून बसावं." आणि तिने आमच्याकडे बघितलं. "अनुमोदक?"

"अनुमोदन," भाऊजी म्हणाले. हात वर करून.

हसून हसून भाचीला ठसका लागला. ठराव मतास टाकला. ताई, भाची आणि मी बाजूने. भाऊजी विरुद्ध. धाकट्या बाईंनी डावा हात वर केला, उजवा खरकटा होता. म्हणाल्या, "मी पण विरुद्ध. तो हात मोकळाच असू दे." ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पण बहुमत ते बहुमत. पुढच्या सभेला भाऊजी कोट घालून आले आणि दोन्ही हात खिशात खुपसून बसले. पहिलाच विषय होता परीक्षेचं वेळापत्रक बदलण्याचा. सचिवांनी विचारलं, "अनुमोदक?" भाऊजींचा उजवा खिसा हलला. कोटाचं अस्तर घड्याळात अडकलं होतं. ते झटापट करत होते तेवढ्यात समोरून गणिताच्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "अनुमोदन." दुसऱ्या विषयालाही बाईच. तिसऱ्याला बाई आणि खगोलशास्त्र एकदमच. अडकलेला हात भाऊजींनी अखेर सोडवला, पण तोवर त्याचं काही काम उरलं नव्हतं.

ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी रुसून बसले होते.